वाचता न येणारा आदेश

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी, शुक्रवारी, त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ अमरावतीत मोर्चा निघाला. दगडफेक झाली, दुकाने फुटली. दुसऱ्या दिवशी या प्रकाराच्या निषेधार्थ बंद पुकारला गेला आणि राजकमल चौकाच्या परिसरात तेच पुन्हा, उलट्या दिशेने, घडले. संचारबंदी लागली आणि तिच्या पाठोपाठ शहरातील आंतरजाल बंद करण्यात आले. पुढे १३ मे २०२३ च्या शनिवारी रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली. एकाचा जीव गेला, पोलिसांसह अनेक जण जखमी झाले, जमावबंदी आली आणि तेथेही आंतरजाल बंद झाले. पहिला दगड कोणी उचलला याचा हिशेब येथे मांडायचा नाही. तो न्यायालयांचा आणि पोलिसांचा विषय आहे. आम्हांला बोलायचे आहे ते बंद केलेल्या जालाविषयी, आणि त्याहूनही अधिक, त्याबद्दल वऱ्हाडातील सुशिक्षित, ग्रंथप्रेमी, मराठीच्या अध्ययन-अध्यापनात असलेल्या वर्तुळात जे बोलले गेले त्याविषयी.

आमच्यापैकी काही जण अमरावतीत शिकवतात, काही अकोल्यात. दोन्ही शहरांत, दीड वर्षाच्या अंतराने, ऐकू आलेली वाक्ये जवळजवळ एकच होती. एक सरळ वाक्य होते : बरे झाले, चार दिवस तरी डोक्याला शांतता. दुसरे अधिक सुसंस्कृत होते : नेट बंद झाले म्हणून मुले पुस्तकांकडे वळली. (आमच्या पेशात 'नेट' म्हटले की आधी पात्रता परीक्षा आठवते, हे खरे, पण येथे ती अभिप्रेत नाही.) या दुसऱ्या वाक्याचा आम्हांला अधिक राग आहे. पहिले वाक्य थकलेल्या नागरिकाचे आहे, ते समजून घेता येते. दुसरे वाक्य मात्र आपल्या आवडत्या वस्तूची प्रतिष्ठा वाढावी म्हणून दुसऱ्याच्या हातातील वस्तू काढून घेतली गेल्याचे समाधान आहे, आणि तेही संचारबंदीत, रस्त्यावर काचांचा खच पडलेला असताना.

ही वृत्ती केवळ वऱ्हाडातली नाही. कोळीकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींनी सायंकाळी सहा ते रात्री दहा भ्रमणध्वनी वापरू नये, अभ्यास करावा, असा नियम होता. बी.ए.ला इंग्रजी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढले गेले, ती न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितले की आंतरजालापर्यंत पोहोचण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. साहित्याची ती विद्यार्थिनी जे ओळखून होती, ते साहित्याच्या प्राध्यापकांना ओळखता येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. आमच्या विद्यार्थ्यांचे वाचन कोठे होते? जुन्या नियतकालिकांचे अंक, शब्दकोश, प्रबंध, मागील प्रश्नपत्रिका, कवितेवरचे वाद, हे सारे ते पाच इंची काचेवर वाचतात. तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयात जे पुस्तक वर्षानुवर्षे आले नाही ते त्यांना त्या काचेवर मिळते. आंतरजाल हा आता कागद आहे. तो ओढून घेतल्याने मुले वाचू लागली असे म्हणणाऱ्याने वाचनाची व्याख्या फार पूर्वी कधीतरी गोठवून ठेवली आहे.

तेव्हा जालबंदी हा तांत्रिक किंवा निव्वळ पोलिसी प्रश्न नाही. तो मजकुराचा प्रश्न आहे. आणि मजकूर कसा वाचावा हे सांगण्याबद्दलच आम्हांला पगार मिळतो.

बंदी येते ती एका आदेशाने. आदेश हाही एक मजकूर असतो. त्याला लेखक असतो, दिनांक असतो, उद्दिष्ट वाचक असतो आणि त्यात कारण असावे लागते. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली ७ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने जे नियम केले त्यांनुसार असा आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाने काढायचा; अगदी अपरिहार्य प्रसंगी सहसचिव किंवा त्यावरील दर्जाच्या, रीतसर अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने. आदेशात कारणे द्यायची, आणि कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा. राज्यात या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव. पुढे १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील बंदीसंबंधीच्या अनुराधा भसीन खटल्यात सांगितले की आंतरजालावरून मत मांडणे आणि व्यवसाय करणे यांना घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे; बेमुदत बंदी चालणार नाही; बंदी प्रसंगाच्या प्रमाणात हवी. आणखी एक गोष्ट न्यायालयाने सांगितली, आणि तेथे तरी मराठी विभागांनी कान टवकारायला हवे होते : असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याला त्यांची झळ बसली त्याला त्यांना आव्हान देता येईल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नियमांत दुरुस्ती होऊन एका आदेशाची कमाल मुदत पंधरा दिवस ठरली.

अमरावतीतील बंदी या निकालानंतर बावीस महिन्यांनी आली, अकोल्यातील चाळीस महिन्यांनी. त्या दोन्ही वेळी आम्ही विचारपूस केली. सहकारी प्राध्यापक, ओळखीचे वकील, दुकानदार, विद्यार्थी, अशा अनेकांना विचारले की आदेश पाहिला का? नेट बंद आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. किती दिवस, कोणत्या हद्दीत, कोणत्या कारणासाठी, कोणाच्या सहीने, हे आदेश स्वतः वाचून सांगणारा एकही माणूस आम्हांला भेटला नाही. काहींना भ्रमणध्वनीवर दोन ओळींचा संदेश आला होता : शासनाच्या सूचनेनुसार सेवा बंद. बाकी सारे ऐकीव. आदेश कुठल्यातरी फायलीत असेल, नियमाप्रमाणे असेल, कारणांसह असेल. परंतु अफवा पसरू नयेत म्हणून केलेली कारवाई नागरिकांपर्यंत पोचते तीच मुळी अफवेच्या वाटेने, यातील विसंगती कोणाला बोचलेली दिसली नाही.

पुनर्विलोकनाची गंमत तर पाहण्यासारखी आहे. पाच दिवसांत समितीने बसावे असे नियम म्हणतो. शहरातली बंदी कित्येकदा त्याआधीच उठते. मग तपासणी होते ती उठलेल्या बंदीची. परीक्षार्थी उत्तीर्ण होऊन नोकरीला लागल्यावर त्याची उत्तरपत्रिका तपासण्याचाच हा प्रकार झाला. आणि तपासणीतून काय निघाले हे पुन्हा नागरिकाला कळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे अमरावतीचे व्रण ताजे असतानाच, माहिती-तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीचा अहवाल आला. देशात किती वेळा, कोठे आणि किती काळ जाल बंद केले गेले याची नोंद ना गृह मंत्रालय ठेवते ना दूरसंचार विभाग, हे त्या समितीने नोंदवले आणि त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. बंदीने दंगल आटोक्यात येते असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्यामागे सरकारपाशी साधी यादीसुद्धा नव्हती.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. म्हाइंभटांचे लीळाचरित्र आपण मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून शिकवतो. मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली ही परंपरेने सांगितलेली हकीकत शिकवतो. पाठभेदांवर तासन् तास बोलतो. हाती नसलेल्या पोथीसाठी ज्यांनी आयुष्ये वेचली अशा अभ्यासकांचे आपण वारस. त्याच जिल्ह्यात लाखो माणसांचे वाचणे-लिहिणे थांबवणारा अगदी ताजा मजकूर कोठे आहे, याची मात्र आपल्याला जिज्ञासा नाही! महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि शतकानुशतके ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत, हेही आपण शिकवतो. एका पंथाने आपले शास्त्र जपण्यासाठी तसे करावे, यात त्याचा अधिकार आहे. दोन माणसांनी आपापसांतला पत्रव्यवहार तिसऱ्याला न कळेल असा राखावा, यातही. शासनाला आपले आदेश सकळ लिपीत लिहिण्याचा अधिकार नाही.

येथे थोडे मागे जावे लागते, कारण याच देशाने आंतरजालासाठी एकदा मोठी लढाई दिली आणि जिंकलीही. तिला 'नेट न्यूट्रॅलिटी' असे म्हटले गेले; आपण जालसमता म्हणू. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, एक चर्चापत्र काढले. एप्रिलमध्ये 'एअरटेल झीरो' नावाची योजना पुढे आली : जे संकेतस्थळ कंपनीला पैसे देईल ते ग्राहकाला फुकट दिसेल. त्याआधी फेब्रुवारीतच रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने फेसबुकने निवडक संकेतस्थळांचा फुकट गुच्छ काही राज्यांत सुरू केला होता आणि त्यांत महाराष्ट्र होता. त्याचेच नाव पुढे 'फ्री बेसिक्स' झाले. या साऱ्याविरुद्ध दहा लाखांहून अधिक ई-पत्रे 'ट्राय'कडे गेली. मागणी साधी होती. पोस्टमनने पत्र उघडू नये आणि पाठवणारा कोण आहे हे पाहून ते आधी किंवा नंतर टाकू नये. स्पीड पोस्टाला जास्त पैसे पडतात हे खरे, पण ते सगळ्यांना सारखेच पडतात.

त्या वादातला एक प्रसंग साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त फ्री बेसिक्सच्या समर्थनार्थ लेख लिहिला. त्यात एक पात्र होते : महाराष्ट्रातला शेतकरी, नाव गणेश. गणेश फ्री बेसिक्सवर हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, मग नव्या पिकांत आणि जनावरांत पैसा गुंतवतो. या गणेशला गाव नाही, आडनाव नाही, बायको नाही, सोसायटीचे कर्ज नाही. तो कापूस पेरतो की सोयाबीन, त्याच्या विहिरीला पाणी आहे की नाही, लोडशेडिंग रात्रीचे आहे की दिवसाचे, काही कळत नाही. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक ज्याने एकदा वाचली आहे त्याला हा गणेश दोन ओळींतच खोटा वाटावा. तो प्रत्यक्षात नसेल असे आम्ही म्हणत नाही, असेलही. पण लेखात आलेला गणेश हा माणूस नव्हे, तो हात जोडून उभा असलेला दाखला आहे. आणि त्याला जे दिले जात होते ते जाल नव्हतेच, दुसऱ्याने त्याच्यासाठी ठरवलेली यादी होती. त्याने काय वाचावे हे त्याला न विचारता ठरले होते आणि त्याबद्दल त्याने कृतज्ञ असावे अशी अपेक्षा होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय'ने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, उल्लंघनाला दिवसाला पन्नास हजार रुपये दंड ठेवला, आणि तो गुच्छ भारतातून गेला. जुलै २०१८ मध्ये जालसमतेच्या तत्त्वाला केंद्रीय पातळीवर मान्यताही मिळाली.

इथवर सारे ठीक. आता हाच गणेश नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहराच्या हद्दीत होता अशी कल्पना करा. हवामान नाही, बाजारभाव नाही, पैसे घेता येत नाहीत, देता येत नाहीत. कंपनीने त्याला शंभरातली चार पाने फुकट देऊ केली तेव्हा दहा लाख पत्रे गेली; शासनाने शंभरच्या शंभर पाने काढून घेतली तेव्हा किती गेली? पोस्टमनने पत्रांत भेदभाव करू नये असे म्हणणारे आपण, पोस्टालाच कुलूप लागले तेव्हा म्हणालो की बरे झाले, पत्रांत शिव्याच फार येत होत्या. जालसमतेचे तत्त्व कंपन्यांना लागू झाले. शासनाने स्वतःला त्यातून वगळून घेतले, आणि ते वगळणे कोणाच्या लक्षातही आले नाही.

यावर कोणी म्हणेल की बंदी तरी सर्वांना सारखी असते, तिच्यात कसला भेदभाव? तर तीही सारखी नसते. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक भ्रमणध्वनीच्या डेटावर जाल वापरतात. अनेक ठिकाणी बंदी येते ती आधी आणि मुख्यतः या डेटावर; तारेचे ब्रॉडबँड पुष्कळदा चालू राहते. तार असते ती बंगल्यात, कार्यालयात, बँकेत. विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीत ती नसते. जेथे तारही तोडली जाते तेथेसुद्धा ज्याची गाडी आहे तो चाळीस किलोमीटर बाहेर जाऊन काम उरकून येतो. अमरावतीच्या त्या दिवसांत आणखी एक गोष्ट होती, जी बाहेरच्यांना ठाऊक नसते. एस.टी. कर्मचाऱ्यांचा राज्यव्यापी संप चालू होता. लाल गाड्या आगारांत उभ्या होत्या. करोनानंतर महाविद्यालये उघडून महिना झाला नव्हता. ती उघडली होती २० ऑक्टोबरला. अशा वेळी धारणीचा किंवा चिखलदऱ्याचा विद्यार्थी शहरात येऊ शकत नव्हता, आणि शहरात अडकलेला घरी जाऊही शकत नव्हता. त्यांच्यात आणि आमच्यात उरलेला एकमेव धागा होता तो व्हॉट्सॅपवरचा वर्गाचा समूह. तोही गेला. एका मुलाने नंतर सांगितले, 'सर, फारम भराची तारीख गेली ना मंग.' कोणता फॉर्म, कोणाकडे भरायचा होता, हे येथे महत्त्वाचे नाही. त्या तारखेला बंदी ठाऊक नव्हती आणि बंदीला तारीख.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॅपवरील अफवेमुळे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले ते लोक होते. ज्यांनी ती बातमी वाचली आहे ते विचारतात की अशा वेळी जाल बंद करून पाच जीव वाचत असतील तर तुमचे वाचन-लेखन गेले खड्ड्यात. हा प्रश्न टाळून पुढे जाणारा माणूस प्रामाणिक नव्हे. पाच जीव वाचत असतील तर जालबंदी जरूर करावी, आम्ही विरोध करणार नाही. पण राईनपाड्यात काय झाले ते नीट पाहावे. अफवा आधीपासून फिरत होती. हल्ला काही वेळात झाला. तेथे जाल बंद करायला कोणाला सवड मिळाली नसती. अमरावतीत आणि अकोल्यातही जाल बंद झाले ते दगड पडल्यावर. जालबंदी ही बहुधा झालेल्या घटनेची प्रतिक्रिया असते, होणाऱ्या घटनेला अटकाव नव्हे. आणि बंद झालेल्या शहरात अफवेला उत्तर देणारे आवाजही बंद होतात. अमुक मोहल्ल्यात, अमुक पेठेत सारे सुखरूप आहे, हे सांगणारा शेजारी मुका होतो. पोलिसांचे खुलासेही ज्या माध्यमातून पोचायचे तेच तोडलेले असते.

अफवेला आंतरजाल लागते ही समजूतही तपासून पाहावी. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीपासून आमच्या गावांपर्यंत एका दिवसात पोचली आणि माणसे वाटी-चमचा घेऊन रांगा लावून उभी राहिली. त्या वेळी देशात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. वऱ्हाडात ते पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासकाने भारतातील जालबंद्यांचा अभ्यास करून २०१९ मध्ये मांडले की बंदीच्या काळात हिंसक निदर्शने कमी न होता वाढलेली दिसतात; संपर्क तुटला की शांततेने संघटित होणे अवघड जाते, दगडाला मात्र संघटना लागत नाही. हा एकच अभ्यास आहे, अंतिम शब्द नव्हे. पण सरकारपाशी जर याउलट दाखवणारा अभ्यास असेल तर तो मांडावा. नुसत्या नोंदीही नसलेल्यांनी अनुभवाचा हवाला देऊ नये.

आमचा खरा वाद सरकारशी नाहीच म्हणा. सरकार सोयीचे ते करते. १८८५ च्या इंग्रजी सरकारनेही तेच केले. वाद आहे तो आपल्या लोकांशी. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली, त्या बंदीचा इतिहास आपण अभिमानाने शिकवतो. 'सखाराम बाइंडर'वर १९७२ मध्ये बंदी आली तेव्हा कमलाकर सारंग न्यायालयात गेले, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. ते आपण विद्यार्थ्यांना वाचायला सांगतो. एका नाटकासाठी आपण इतके जागे असतो. मात्र एका शहरातला सगळाच मजकूर एका सहीने थांबतो, त्यात पाककृती, प्रेमपत्र, कविता, शिवी, बाजारभाव, श्रद्धांजली, सारे एकाच वेळी, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघतच नाही! नाटकावरच्या बंदीला निदान परीक्षकाने नाटक वाचावे लागे, कोणते वाक्य आक्षेपार्ह ते सांगावे लागे. जालबंदीत वाचण्याचे कष्टही कोणी घेत नाही. पूर्वपरीक्षणाच्या इतिहासात इतके आळशी हत्यार झाले नसेल.

कोणी म्हणेल की आंतरजालावर लिहिणारे लेखक नव्हेत, ते नुसते 'लाइक' करणारे. तर पालघर आठवावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून तिला अटक झाली, आणि दुसऱ्या मुलीला झाली ती त्या ओळी आवडल्याचे कळवले म्हणून. दुसरी मुलगी लेखक नव्हती, वाचक होती. ज्या ६६-अ कलमाखाली हे घडले ते २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. मराठी पत्रकारितेतले निखिल वागळे डिजिटल वृत्तमाध्यमांवरच्या नियमांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्या नियमांतील काही भागाला स्थगिती मिळाली. सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारनेच ठरवायचे, या २०२३ च्या नियमावर त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. अतुल चांदूरकर यांनी तिसरे मत देऊन तो नियम घटनाबाह्य ठरवला. यांतल्या पहिल्या प्रकरणाचा उगम महाराष्ट्रातला, नंतरची दोन्ही मुंबईच्या न्यायालयातली. यांतले एकही आमच्या माहितीतल्या अभ्यासक्रमात नाही. 'साहित्य आणि समाज' या प्रश्नपत्रिकेत अजून मुद्रणालयाच्या आगमनाचे परिणामच विचारले जातात.

नव्या दूरसंचार कायद्याखाली नोव्हेंबर २०२४ मध्ये सेवा तात्पुरत्या थांबवण्याचे नवे नियम आले. आदेश लेखी असावा, कारणे, क्षेत्र आणि कालावधी त्यात स्पष्ट असावा आणि तो प्रसिद्ध करावा, हे आता नियमातच आहे. आम्ही या सुधारणेचे स्वागत करतो. म्हणजे आता पुढच्या वेळी 'आदेश कोठे आहे' हे विचारायला आधार आहे, आणि तो प्रश्न विचारण्याचे काम वकिलांवर सोडून चालणार नाही. आदेश मराठीत असावा, कारण या राज्याची राजभाषा मराठी आहे. कारणाच्या जागी 'कायदा व सुव्यवस्था' एवढेच तीन शब्द असतील तर ते कारण नव्हे, शीर्षक आहे, हे सांगणे आम्हां मराठीच्या शिक्षकांना जमायला हवे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले तर आपण त्याला किती गुण देतो?

मात्र एक तपशील राहतो. नियमाप्रमाणे आदेश प्रसिद्ध करायचा आहे तो संकेतस्थळावर. ज्या शहराचे जाल बंद केले त्याच शहराने तो जालावर जाऊन वाचावा, अशी ही योजना आहे. तेव्हा आमची जिल्हा प्रशासनाला विनंती एवढीच की एक प्रत छापून राजकमल चौकात आणि एक अकोल्याच्या जुन्या शहरात लावावी. अक्षर मोठे असावे.